रंगीत पंगत ही शहराची मिरास नाही

चैत्र लागला आणि सजवलेल्या जेवणाचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं. फुलाफुलांच्या बश्या, आजीच्या काळातली पितळी ताटं, मधोमध फुलं, रंग जुळवून मांडलेले पेले, ही म्हणे शहरातल्या भरल्या पोटाची हौस. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात ती शोभते. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपुरात तिचं काय काम? लोणार तालुक्यातलं हे गाव. चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो, पारा चाळिशीच्या पुढे जातो, तूर आणि सोयाबीनच्या भावाचा ताळमेळ बसता बसत नाही. अशा ठिकाणी ताट कसं दिसतं याचा विचार करणं म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय, असं हे म्हणणं आहे.

ते कळकळीने केलेलं असतं, म्हणून त्याला सहसा कोणी उत्तर देत नाही. पण उत्तर द्यायला हवं, कारण ते चुकीचं आहे. त्यात गावाची कणव आहे असं वरवर दिसतं. आत मात्र एक समजूत दडलेली आहे की सौंदर्याची भूक फक्त पैसेवाल्यांना लागते. वऱ्हाडातल्या कुठल्याही घराने ही समजूत आजवर मान्य केलेली नाही.

पुरावा म्हणून आखाजीचा दिवस घ्यावा. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आणि वऱ्हाडात पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्या गळ्याला सूत, तोंडावर पाण्याचं छोटं मडकं, त्यावर डांगर आणि आंबे. लाल माती, पिवळंधमक डांगर, हिरवट-केशरी आंबा, शेजारी कुरडया आणि पुरणाचं ताट. ही मांडणी कुठल्या मासिकात पाहून कोणी शिकलेलं नाही. कशावर काय ठेवायचं, फळाचा देठ कुठल्या बाजूला करायचा, हे घरातली थोरली बाई धाकटीला हाताने दाखवते. ज्या घरात बारा महिने शेतमजुरी आहे त्या घरातही आखाजीची घागर भरली जाते. तिला कोणी चैन म्हणत नाही, आणि म्हणू नयेच.

चैत्रगौरीची आरास तर याहून पुढे जाते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरा महिनाभर. या महिन्यात एखादा दिवस धरून हळदीकुंकू करायचं, आणि त्या दिवशी गौरीपुढे पायऱ्या रचून आरास मांडायची. जवळून पाहिलं तर ही आरास म्हणजे वसंतातल्या मांडणीचं पूर्ण शास्त्र आहे. वरच्या पायरीवर झोपाळा, त्याला मोगऱ्याची माळ. खाली पितळी भातुकली, राखेने घासून लखलखीत केलेली. कलिंगडाच्या सालीला दातेरी काप देऊन त्याचं कमळ केलेलं, काकडीच्या चकत्यांची फुलं, वाटीत भिजवलेले हरभरे, कैरीची वाटली डाळ, तिच्यावर मोहरी-हिंगाची फोडणी आणि कढीपत्त्याचं एखादं पान. पन्ह्याचा केशरी-पिवळा रंग दिसावा म्हणून ते काचेच्या पेल्यात. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी, तिच्यात चंद्र-सूर्य, कासव, शंख, तुळस, गौरीचा पाळणा. रंग, फळं, फुलं, जुनी भांडी, ऋतूचे पदार्थ: ज्याला परकी हौस म्हणून नाकारलं जातं त्यातलं काय इथे नाही? टेबल नाही, एवढंच. पाट आणि पायऱ्या आहेत.

त्यामुळे 'हे आपलं नाही' असं म्हणणाऱ्याने आधी आपल्याच घरातला चैत्र आठवावा. आपलं काय, याची यादी करताना आखाजी आणि चैत्रगौर गाळायची आणि मग उरलेल्या जागेला साधेपणा म्हणायचं, हा हिशेब खोटा आहे.

सुलतानपूरच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, जी जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं. त्यात लोणारच्या डोंगरांविषयी नोंद आहे की काच आणि साबण करायला लागणारं सगळं साहित्य इथे मिळतं. कारण सरळ आहे. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअसची आच लागते. तिच्यात सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी आचेवर वितळते. उल्कापाताने झालेल्या लोणारच्या सरोवराचं पाणी तीव्र अल्कधर्मी आहे, उन्हाळ्यात ते आटलं की काठावर क्षार बसतात, आणि हे क्षार गोळा करून विकण्याचा उद्योग इथे दीर्घकाळ चालला. म्हणजे ज्या परिसराला 'काचेच्या पेल्यांशी तुमचा काय संबंध' असं विचारलं जातं, त्या परिसराची नोंद चारशे वर्षांपूर्वी काचेच्या कच्च्या मालासाठी झालेली आहे. ज्याला आज लोणारचं सरोवर फक्त पर्यटनाच्या पाटीवर आणि २०२० साली मिळालेल्या रामसर दर्जामुळे माहीत आहे, त्याने हेही माहीत करून घ्यावं.

जुन्या, सुबक भांड्यांचा विषय निघाला की विलायती चिनी मातीच डोळ्यांपुढे येते, हीसुद्धा एक अडचण आहे. निळ्या-पांढऱ्या बश्या, गुलाबांच्या नक्षीचे कप, तळाशी इंग्रजी कारखान्याचा शिक्का. त्या सुंदर असतात, यात वाद नाही. पण मराठी घराच्या जुन्या भांड्यांची कथा वेगळी आहे आणि तिच्यात अभिमानाने सांगावं असं खूप आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. स्वदेशीच्या चळवळीत लोकमान्य टिळकांचं बळ त्यामागे होतं. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, ती वस्ती पुढे ओगलेवाडी झाली आणि तिथला प्रभाकर कंदील वीज नसलेल्या खेड्यापाड्यांत पोचला. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालून मठारकाम होत आलं आहे. त्या ठोक्यांनी भांडं शोभतंही आणि पत्रा कडकही होतो. विदर्भात भंडाऱ्याचं नाव पितळेच्या भांड्यांमुळे झालं. एखाद्या घराच्या माळ्यावर गुलाबाचं फूल रंगवलेली तामचिनीची थाळी, जाड काचेचा पेला, काशाची वाटी आणि मठारलेला तांब्या एकत्र सापडत असेल, तर तो सबंध शतकाचा उद्योग आहे. त्याला अडगळ म्हणू नये.

आणि ही भांडी अडगळ म्हणूनच जातात. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर पोचलं. ते टिकतं, गंजत नाही, कल्हई मागत नाही, चिंच-कैरीने कळकत नाही. बायकांचे कष्ट त्याने खरोखर कमी केले आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. चूक स्टील घेण्यात झाली नाही. चूक झाली ती पितळ-काशाचं मोल केवळ वजनावर करण्यात. लग्नाच्या खर्चाला, आजारपणाला, कधी नुसतीच जागा मोकळी करायला म्हणून हंडे, पराती, काशाची ताटं मोडीत गेली. यातल्या गरजेपोटीच्या मोडीला कोणी नावं ठेवू नयेत. पण नवा फोडणीचा डबा हवा म्हणून आजीची काशाची थाळी देऊन टाकली जाते तेव्हा काय जातं, ते त्या थाळीच्या काठाकडे पाहिलं की कळतं.

त्या काठावर नाव असतं. ठोकणीने टिंब टिंब करत घातलेलं: कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कुठल्या गावाहून, कुठल्या साली. कधी मामाचं नाव, कधी आत्याचं, कधी 'सप्रेम भेट' आणि खाली नुसतं गावाचं नाव. घासून घासून अक्षरं पुसट होतात, तरी बोट फिरवलं की लागतात. कार्याला भांडी एकमेकांकडे जात, तेव्हा ही नावं बघून ती आपापल्या घरी परतत. गावातल्या नात्यांची ही वही आहे, आणि मोडीच्या दुकानात ती किलोच्या भावाने जाते. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, तिचं नाव कित्येकदा फक्त या भांड्यावर लिहिलेलं सापडतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही थाळी वर्षातून एकदा तरी पंगतीत यावी, भिंतीवर टांगून नव्हे, वाढून.

भिंतीवर टांगण्याचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण चूक करणारे दोन बाजूंना आहेत. एका बाजूला जुनं ते टाकाऊ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला जुनं ते शोभेचं म्हणणारे. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत 'गावाकडचं वातावरण' म्हणून घंगाळं उलटी करून दिवे केलेले दिसतात, आणि जेवण मात्र मेलामाइनच्या ताटात येतं. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, रोवळ्या जपलेल्या आहेत, आणि दिनकर केळकरांनी हे सगळं आयुष्यभर हिंडून गोळा केलं म्हणूनच ते वाचलं. तिथे त्यांची जागा योग्य आहे. पण ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरात तांब्याने पाणी द्यावं. वापरातून निघालेली वस्तू दुरुस्त करणारा कारागीरही नाहीसा होतो.

कल्हईवाल्याचं नेमकं हेच झालं. पितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून झरझर फिरवायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून काम पटकन होतं आणि भांडं क्षणात चांदीसारखं पांढरं दिसतं. ही कल्हई नुसती देखणी नाही. पितळ आणि तांबं आंबट पदार्थाशी लागलं की कळकतं, आणि कळकलेलं अन्न पोटाला बाधतं. इथे जुन्या भांड्यांच्या चाहत्यांनाही स्पष्ट सांगायला हवं: पन्हं, कैरीची डाळ, चिंचवणी, ताक यांतलं काहीही बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात ठेवू नये. काशाच्या ताटात भात, पुरण, पोळी वाढावी, आंबट नको. तामचिनीचा टवका उडाला असेल तर ती फळं ठेवायला घ्यावी, वाढायला नाही. जुन्या विलायती कपबशीच्या रंगीत नक्षीत शिसं असू शकतं; अमेरिकेत असं शिसं पाझरण्यावर मर्यादा आली ती १९७०च्या दशकात. त्याआधीच्या फुलाफुलांच्या बशीत सुकं खाणं किंवा नुसती फुलं ठेवली तर ती तेवढीच शोभते. जुनी भांडी धोक्याची असतात असा सरसकट आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर एवढंच की धोका कुठे आहे ते नेमकं माहीत आहे आणि तो टाळताही येतो. पिढ्यान् पिढ्या बायका तो टाळत आल्या.

खर्चाचा आक्षेप याहून दुबळा आहे. वऱ्हाडाच्या वसंतात रंग विकत आणावा लागत नाही. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर पेटतात, बांधावर पांगारा लाल होतो. चैत्रात कडुनिंबाला मोहोर येतो आणि पुढे बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. गुढीला कडुनिंबाची डहाळी लागतेच, तिच्यातलीच एक तांब्यात ठेवली तर वेगळा खर्च नाही. सांभाळायचं असेल तर एवढंच, की कण्हेर आणि पिवळी बिट्टी जेवणाच्या जवळपास आणू नये. दोन्ही झाडं विषारी आहेत. बाकी रानातलं ओळखीचं, बिनविषारी जे फुललं ते चालतं.

पळसाने तर नुसतं फूल दिलेलं नाही, ताटही दिलं. पळसाची पानं चोयांनी टाचून केलेली पत्रावळ आणि द्रोण हे या भागाचं खरं जुनं भांडं, आणि या जिल्ह्यात तिला वेगळा मान आहे. शेगावचे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं त्यांचं चरित्र सांगतं. ज्या जिल्ह्याच्या श्रद्धेत पत्रावळ इतकी मध्यभागी आहे, त्या जिल्ह्याच्या लग्नांत थर्माकोलची ताटं आली आणि मांडवामागे त्यांचे ढीग साचले, ही खंत करण्यासारखी गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी घातली, जुलै २०२२पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. कायदा आला तसा त्याचा पर्यायही हाताशी होता. तो मात्र गरिबीची खूण म्हणून आपणच बाजूला सारला होता. कागदावर चंदेरी मुलामा दिलेली प्लेट प्रतिष्ठेची आणि पळसाचं पान ओशाळवाणं, हा उलटा क्रम कोणी लावला? ज्यांना पत्रावळीची लाज वाटते तेच सजवलेल्या ताटाला चैन म्हणतात, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

ताट सजवणं म्हणजे त्यावर काहीतरी निरुपयोगी लादणं, हा गैरसमजही याच गटातला. मराठी ताटाची डावी-उजवी बाजू पाहावी. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे चवीपुरतं बोटाने चाखायचं ते, उजवीकडे भाजी, आमटी, म्हणजे पोळीच्या घासाबरोबर सतत लागणारं, मधे भाताची मूद, वर पिवळं वरण आणि तूप. जेवणाऱ्याचा उजवा हात कुठे कितीदा जाणार, हे ओळखून केलेली ही रचना आहे. पांढरा, पिवळा, हिरवा, लाल हे रंग तिच्यात आपोआप वेगवेगळे पडतात. १७८३ साली सवाई माधवरावांच्या लग्नात नाना फडणवीसांनी पंगतीच्या बारीकसारीक व्यवस्थेचीसुद्धा लेखी याद काढली, ती काही रिकामपणाची हौस नव्हती. हजारो पानं उठवायची तर वाढप्याला कुठे काय पडायचं ते ठाऊक असावंच लागतं. सुलतानपुरातल्या कुठल्याही भंडाऱ्यात बादली घेऊन धावणाऱ्या पोराला आजही हे न शिकवता येतं.

आता खरा जड आक्षेप. पंगत ही सगळ्यांची कधीच नव्हती. कोणाची पंगत आत, कोणाची बाहेर, कोणाची सगळ्यांत शेवटी, आणि कोणाला नुसतं दुरून घातलेलं, हे वऱ्हाडाने पाहिलं आहे. पितळी ताटाच्या आठवणीत ज्यांना घराचा सुगंध येतो, त्यांनी त्याच ताटाला शिवल्याबद्दल कोणाला काय ऐकावं लागलं हेही आठवावं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचंही तेच: सवाष्णींची ओटी, आणि नवरा गेलेली बाई त्याच घरात डाळ वाटून देणार पण पाटावर बसणार नाही. हा आक्षेप घेणारे बरोबर आहेत. त्यांना परंपरेचे गोडवे ऐकवून गप्प करणं हा अप्रामाणिकपणा ठरेल.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो पटणारा नाही. पंगतीत भेद होता म्हणून पंगतच मोडायची, ओटीत भेद होता म्हणून आरासच बंद करायची, असं केलं तर ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांना काय मिळालं? ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही ते उदाहरण घालून दिलं. एका खेड्याने हे करून दाखवलं आहे. मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गावातल्या प्रत्येक बाईला, तिचा नवरा असो वा नसो, ती कुठल्याही वस्तीतली असो, पाटावर बसवून डाळ-पन्हं देणं सुलतानपूरलाही जमेल. तिथे आरास जितकी सुंदर मांडाल तितका आलेल्या बाईचा मान मोठा. आजवर जिला कोपऱ्यात उभं केलं, तिच्यापुढे उद्या पहिल्यांदा पाट मांडायचा आणि त्यावर मोडका स्टीलचा पेला ठेवायचा, हे चालणार नाही. तिच्यासाठी काशाची थाळीच काढली पाहिजे.

उरतो कष्टाचा प्रश्न, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. आरास मांडायची कोणी, पितळ चिंचेने घासायचं कोणी, उष्टी काढायची कोणी? आजवर उत्तर एकच होतं. ज्या बाईने दिवसभर रानात काम केलं, तिनेच संध्याकाळी भातुकली घासायची, असा या लेखाचा अर्थ होत असेल तर तो लेख फाडून टाकावा. चिंच, राख, नारळाची शेंडी आणि पितळी ताट यांपैकी कशालाही पुरुषाचा हात लागल्याने बाधा होत नाही. मांडणं, वाढणं, शेण-मातीने जागा सारवणं, घासणं, पुसून परत माळ्यावर ठेवणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे, आणि ते मुलग्यांना लहानपणीच शिकवलं पाहिजे. आमच्या पुरुषांना हे जमत नाही, असं म्हणायला या जिल्ह्यात तर अजिबातच जागा नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या महाप्रसादात वाढणारे, पाणी देणारे, उष्टी उचलणारे आणि फरशी पुसणारे सेवेकरी पाहावेत. त्यांत गावोगावचे शेतकरी, नोकरदार, कॉलेजातली पोरं असतात, आणि हे काम ते एक पैसा न घेता, पाळी लावून करतात. शेगावी जी पाळी लागते ती आखाजीच्या दिवशी घरच्या चुलीपाशीही लागावी.